‘सिमसिटी’चा महापौर आणि पुण्याचा

कर वाढवला की लोक शहर सोडतात, पोलीस चौकी बांधली की गुन्हे घटतात. शहर वसवण्याचे गेम खेळणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, खेळता खेळता अंगवळणी पडतं.

यामागचं गणित गेमच्याही आधीचं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचे माजी महापौर जॉन कॉलिन्स तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत आले, त्यांच्याशी झालेल्या चर्चांतून संस्थेतले प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर यांनी शहराचं संगणकी प्रारूप बनवलं आणि 1969 साली प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा की स्वस्त घरं बांधली तर शहर आणखी खालावतं. झोपडपट्टी पाडून उद्योगांना जागा द्यावी. उठवलेली माणसं कुठे गेली, याचा हिशेब त्यात नव्हता.

अमेरिकी गेमकार विल राइट 1984च्या आपल्या बॉम्बफेकीच्या गेमसाठी नकाशे आखत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटं वसवण्यातच त्याला जास्त मजा आली. मग फॉरेस्टर वाचनात आले आणि 1989 साली ‘सिमसिटी’ आला.

या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, 2008 मध्ये ‘मायक्रोपोलिस’ नावाने खुला झाला, त्यामुळे आता तर्क लढवावे लागत नाहीत. गुन्ह्यांचं सूत्र एवढंच: 128मधून जमिनीचा भाव वजा, त्यात लोकवस्तीची दाटी मिळवा, पोलिसांचा प्रभाव वजा करा. शाळा या गेममध्ये नाहीतच. बेकारीचा आकडा निघतो, नागरिकांच्या तक्रारींत दिसतो, पण गुन्ह्यांच्या सूत्रात शिरत नाही. म्हणजे गरीब, दाट वस्ती ही मुळातच संशयित! रुळांवर कोंडी मोजलीच जात नाही, म्हणून 10 डॉलरच्या रस्त्याऐवजी 20 डॉलरचे रूळ टाकले की वाहतुकीचा प्रश्न मिटतो. खेळाडू याला युक्ती म्हणतात. खरं तर ती सूत्रातली फट आहे.

जमीनही घर, दुकान किंवा कारखाना यांपैकी एकाच कामाची. खाली दुकान, वर बिऱ्हाड हा पेठांतला नेहमीचा प्रकार तिथे बसवताच येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत महापौराच्या खुर्चीची. गेममधला महापौर, म्हणजे खुद्द खेळाडू, निवडणूक लढवत नाही, स्थायी समितीपुढे जात नाही, बुलडोझर फिरवताना भूसंपादनाची नोटीस काढत नाही. पुण्यात 1949च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिलेत, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो. ‘महापौरांनी ठरवलं तर वर्षभरात रस्ते सुधारतील’ असं जो म्हणतो, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गेममधलाच महापौर असतो.