प्रक्षेप्याचा क्षितिजसमांतर पल्ला

फेकलेली वस्तू (प्रक्षेप्य) ज्या पातळीवरून सुटली त्याच पातळीवर परत येईपर्यंत जेवढे आडवे अंतर कापते, तो तिचा क्षितिजसमांतर पल्ला. हवेचा रोध धरला नाही, तर सुटल्यानंतर वस्तूवर एकटे गुरुत्वाकर्षण काम करते, तेही सरळ खाली. त्यामुळे आडवा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. उभा वेग तेवढा बदलत जातो. सगळे गणित या फारकतीवर उभे आहे.

आरंभवेग ‘व’, क्षितिजाशी कोन ‘क’ आणि गुरुत्वत्वरण ‘ग’ मानू. उभा वेग व साइन क. तो शून्य व्हायला (व साइन क) ÷ ग इतका वेळ लागतो आणि खाली यायलाही तितकाच. या एकूण वेळेला आडव्या वेगाने, म्हणजे व कोसाइन क ने, गुणले की पल्ला ‘प’ मिळतो:

प = (व² साइन २क) ÷ ग

सेकंदाला २० मीटर वेगाने ३०° कोनात मारलेला चेंडू २.०४ सेकंद वर राहतो. आडवा वेग १७.३२, म्हणून पल्ला सुमारे ३५.३ मीटर. कोन ६०° केला तर चेंडू ३.५३ सेकंद वर राहतो, पण आडवा वेग १० वर येतो आणि पल्ला पुन्हा तोच! बेरीज ९०° होणाऱ्या कोणत्याही दोन कोनांचे असेच होते. ४५° ला पल्ला सर्वाधिक, ४०.८ मीटर. तोफगोळ्याचा मार्ग नीट कळण्याआधीच, १५३७ मध्ये, टार्टाग्लिया या इटालियन गणितीने हा कोन सांगितला होता. मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो याची सिद्धता आणि पल्ल्यांची कोष्टके गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात आहेत.

सूत्र पाठ असलेले विद्यार्थी ते कड्यावरून फेकलेल्या दगडालाही लावतात. तिथे सुटण्याची आणि पडण्याची पातळी वेगळी, म्हणून उड्डाणकाल नव्याने काढावा लागतो. गोळाफेकीत गोळा खांद्याच्या वरून सुटतो. उंची २ मीटर आणि वेग सेकंदाला १४ मीटर धरला, तर सर्वोत्तम कोन ४५° नव्हे, सुमारे ४२.४° येतो आणि पल्ला सूत्रातून येणाऱ्या २० ऐवजी २१.९ मीटर. खेळाडू याहूनही कमी कोन ठेवतात, कारण गोळा जास्त तिरपा वर ढकलताना हाताचा वेग घटतो.

हवेचा रोध नसण्याची अट खरोखर पाळली जाते ती चंद्रावर. तिथे ग फक्त १.६२, वरचाच चेंडू ४५° ला सुमारे २४७ मीटर जाईल. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ च्या ॲलन शेपर्डने तिथे गोल्फचे दोन चेंडू टोलवले आणि दुसरा ‘मैलोन्‌मैल’ गेल्याचे गमतीने सांगितले. पुढे छायाचित्रांवरून मोजणी झाली, तेव्हा तो जेमतेम ३७ मीटरवर सापडला. अवजड अंतराळ पोशाखात एका हाताने टोलवताना ‘व’च कमी पडला होता.