सालगड्यांची जत्रा

इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या धान्यपट्ट्यातल्या चर्चमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातली लग्नं नोंदलेली आहेत. ती महिनावार मांडली, की ऑक्टोबरात एकदम झुंबड दिसते. गुराढोरांच्या आणि मेंढ्यांच्या मुलखात मात्र तीच गर्दी वसंतात, कोकरांचा हंगाम उरकल्यावर. हे मुहूर्त काढले होते शेतावरच्या सालाने.

तिथले गडी आणि मोलकरणी बहुतेक अविवाहित. वर्षभर मालकाच्या घरी राहायचं, त्याच्याच पंगतीला किंवा स्वयंपाकघरात जेवायचं आणि पगार शेवटी एकरकमी घ्यायचा. धान्यपट्ट्यात हे साल २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणाला संपे. पैसे हातात पडले, की ज्यांचं ठरलं होतं ते लग्न करत. बाकीचे नवा मालक शोधायला जत्रेत. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरवतात, खानदेशात आखाजीला सालदार, त्याच जातीचा हा व्यवहार; फक्त उघड्यावर, भर बाजारात.

बाजारात का, तर सरकारनेच तशी सवय लावली होती. १३४८ नंतरच्या प्लेगने माणसं इतकी मेली की मजूर मागेल ती मजुरी मिळवू लागला. त्याला वेसण घालायला १३५१ चा कायदा आला: मजुराने हत्यारं हातात धरून बाजारगावी सर्वांसमक्ष उभं राहावं आणि तिथेच कामाला लागावं. १५६३ च्या कायद्याने मजुरीचे दर ठरवायचं काम स्थानिक न्यायाधीशांकडे दिलं. मजुरी दाबण्यासाठी माणसं एका जागी आणली आणि तिथेच ती भाव करायला शिकली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं वाटतं.

जत्रेत कोण काय काम करतो हे कपड्यांवरूनच कळे. मेंढपाळाच्या टोपीला लोकरीचा झुपका, गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी, गवळ्याच्या टोपीला गाईच्या केसांची बट. घरकामाच्या मुलीकडे फरशी पुसायचं मॉप. यावरूनच काही भागांत जत्रेला ‘मॉप’ म्हणत. मालक अंगकाठी न्याहाळी, नांगर धरता येतो का विचारी. गडीही कच्चे नसत. कुठल्या घरी जेवण कदान्न, कुठली मालकीण खाष्ट, हे आधीच्या गड्यांकडून कानावर आलेलं असे. सौदा जमला की मालक हातावर एक शिलिंग वगैरे विसार ठेवी. कागद नाही, सही नाही, तरी वर्षभराचा करार पक्का. मध्येच पळालेल्या गड्याला १८७५ पर्यंत तुरुंगही दाखवता येई. तरीही काही गावांत थोड्या दिवसांनी दुसरी, ‘पळपुट्यांची’ जत्रा भरे. ज्यांचं पहिल्या घरी जमलं नाही, त्यांच्यासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पाद्रीमंडळींनी या जत्रांविरुद्ध मोहीम उघडली. दारू, धिंगाणा आणि जनावरांसारखी माणसांची पारख, असा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य होतं, पण दक्षिणेत जत्रा आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या त्या पावाच्या भावाने. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात धान्य महागलं आणि गड्याला घरी जेवू घालणं परवडेना. १८१५ नंतर सैनिक परतले, लोकसंख्याही वाढत होती, रोजंदार हवे तेवढे मिळू लागले. शिवाय वर्षभर चाकरी केलेल्या अविवाहित गड्याला त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या गावात, गरिबांना मिळणाऱ्या मदतीचा हक्क लागे. तो टाळायला मालक ५१ आठवड्यांचाच करार करत. १८३४ मध्ये हा हक्कच गेला, आणि वर्षभराच्या चाकरीत गड्याला असलेला एक मोठा लाभही.

उत्तरेत गिरण्या आणि खाणी माणसं ओढत होत्या, म्हणून शेतकऱ्याला गडी घरी ठेवूनच बांधून घ्यावा लागे. यॉर्कशायरच्या पूर्व भागात नोव्हेंबरातल्या जत्रा पहिल्या महायुद्धानंतरही भरत. आयर्लंडमध्ये डोनेगलची पोरं मे आणि नोव्हेंबरात स्ट्रबेनच्या बाजारात सहा-सहा महिन्यांसाठी उभी राहत, तेही १९३० च्या दशकापर्यंत. इंग्लंडात मात्र १९१० मध्ये सरकारी रोजगार कचेऱ्या उघडल्या होत्या, आणि १९२४ च्या कायद्याने शेतमजुरीचे किमान दर जिल्ह्याजिल्ह्यांच्या समित्या ठरवू लागल्या. बाजारात उभं राहून घासाघीस करायला फारसं काही उरलंच नाही.