अनुभव नाही म्हणजे अक्कल नाही?

एखाद्या पात्राला लैंगिक अनुभव नाही हे विनोदी कथेत वाचकापर्यंत पोचवायचं असेल, तर लेखक ते सहसा थेट सांगत नाही. ते पात्र दारात अडखळतं, हातातला पेला सांडतं, द्व्यर्थी वाक्याचा भलताच अर्थ लावतं आणि कुणाच्याही थापांना बळी पडतं. मग एखादा मित्र चारचौघांत त्याचं गुपित फोडतो आणि वाचकाला वाटतं, हं, आता सगळं जुळलं! पात्र स्त्रीचं असेल तर हसण्याच्या जागी कणव येते. ती भाबडी असते, डोळे मोठे करून जगाकडे बघते आणि भेटलेल्या पहिल्याच लबाड माणसावर विश्वास टाकते. दोन्हीकडे गृहीत धरलेली गोष्ट एकच: ज्याने संभोग केलेला नाही, त्याला जग कळलेलं नाही.

हे गृहीतक मला खटकतं. ते निव्वळ अभिरुचीचा प्रश्न असतं तर सोडून दिलं असतं. पण 'लैंगिक अनुभव नसलेली माणसं कमी हुशार असतात' हे तपासून बघता येण्यासारखं विधान आहे, आणि ते तपासलं गेलेलं आहे.

2000 साली कॅरोलिन हॅल्पर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळकरी किशोरवयीन मुलामुलींच्या मोठ्या पाहणीतून बुद्धिमापन चाचणीचे गुण आणि लैंगिक अनुभव यांचा संबंध शोधला. वय, शारीरिक वाढ आणि आईचं शिक्षण यांचा परिणाम वेगळा काढल्यावर जो आलेख मिळाला, तो मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतरता होता. फार कमी गुण मिळवणाऱ्या मुलांमध्ये अनुभव कमी होता आणि फार जास्त गुण मिळवणाऱ्यांमध्येही कमी होता. म्हणजे वर्गातला सर्वांत हुशार मुलगा 'त्या' बाबतीत कोरा असण्याची शक्यता मधल्या गटातल्या मुलांपेक्षा अधिक होती. 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रौढांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात ब्रिटनमधल्या 39 ते 73 वयाच्या 4 लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. आयुष्यात कधीच शरीरसंबंध न आलेले लोक त्यात सुमारे 1 टक्का होते. त्यांचं सरासरी शिक्षण इतरांपेक्षा जास्त होतं, दारू आणि तंबाखूचं प्रमाण कमी होतं. एकटेपणा आणि अस्वस्थता मात्र त्यांच्यात जास्त होती. ही माहिती ज्या जैवबँकेतून, म्हणजे लोकांच्या आरोग्याची माहिती आणि नमुने साठवणाऱ्या संग्रहातून आली, तिने आमंत्रण दिलेल्यांपैकी जेमतेम 5.5 टक्के लोक त्यात सामील झाले होते आणि ते सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा अधिक निरोगी आणि सुस्थितीतले होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही 'अनुभव नाही म्हणून मठ्ठ' या चित्राला त्यातून कुठेही आधार मिळत नाही.

यावरून उलटी उडी मारायचीही गरज नाही. शरीरसंबंध टाळल्याने बुद्धी वाढते, साठवलेलं वीर्य मेंदूला तेज देतं, असं सांगणारे लोक आजही व्हिडिओ करतात, गोळ्या विकतात. वीर्य मेंदूकडे जाण्याचा कोणताही मार्ग शरीरात नाही. शुक्रपेशी सतत तयार होत असतात आणि न वापरलेल्या पेशी तिथल्या तिथे मोडून शरीरात शोषल्या जातात. याच्या बरोबर उलटी अंधश्रद्धाही जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या हिपोक्रेटिक ग्रंथसंग्रहात कुमारिकांच्या आजारांवर एक छोटं लेखन आहे. उपवर मुलीचं रक्त बाहेर न पडता आत साचतं, त्यामुळे तिला भ्रम होतो, तेव्हा तिने लवकर लग्न करावं, असा सल्ला त्यात आहे. 1554 मध्ये योहानेस लांगे या जर्मन वैद्याने मुलींमधला फिकटपणा, धाप आणि थकवा यांना 'कुमारिकांचा रोग' ठरवलं आणि उपाय सुचवला तोही लग्नाचाच. यातल्या बऱ्याच मुलींना बहुधा लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय होता. संभोगाने बुद्धी येते किंवा जाते, या दोन्ही कल्पना सारख्याच निराधार आहेत.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो प्रश्न. गृहीतक चुकीचं आहे, आजूबाजूची माणसं त्यात बसत नाहीत, तरीही वाचताना ते इतकं सहज पटतं कसं?

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1946 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका अनोळखी माणसाचे सात गुण वाचून दाखवले: हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी दिली, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'रुक्ष' घातलं. बाकी सहा शब्द तेच. मग विचारलं, या माणसात आणखी कोणते गुण असतील? प्रेमळ माणूस उदार असेल असं 91 टक्के लोकांना वाटलं, रुक्ष माणूस उदार असेल असं 8 टक्क्यांना. विनोदबुद्धी पहिल्याला 77 टक्क्यांनी दिली, दुसऱ्याला 13 टक्क्यांनी. प्रामाणिकपणात मात्र जवळजवळ फरक पडला नाही: 98 आणि 94. पुढे 'प्रेमळ' आणि 'रुक्ष' काढून तिथे 'सभ्य' आणि 'फटकळ' घातल्यावर फरक बराच लहान झाला. म्हणजे सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात. काही शब्द अख्ख्या चित्राचा रंग बदलतात. वाचक जे सांगितलं नाही तेही भरून काढतो आणि ते आपण भरलंय हे त्याला कळतही नाही. लेखकाचं काम यामुळे फार सोपं होतं. त्याने एक खूण द्यायची, उरलेला माणूस वाचक उभा करतो.

पण इथे एक अडचण आहे. अ‍ॅशच्याच आकड्यांत 'शहाणा' हा गुण बघा. प्रेमळ माणूस शहाणा असेल असं 65 टक्क्यांना वाटलं, रुक्ष माणूस शहाणा असेल असं 25 टक्क्यांना. म्हणजे माणूस प्रेमळ वाटला की शहाणाही वाटतो. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या लोकांना गुण कसे देतात ते तपासलं होतं. तिथेही हेच दिसलं. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण एकमेकांशी गरजेपेक्षा फार जास्त जुळत होते. एक चांगलं की सगळं चांगलं. मग कथेतलं अननुभवी पात्र तर बहुधा गोड, निर्मळ, कुणाचं वाईट न चिंतणारं असतं. ते वाचकाला शहाणं वाटायला हवं. बावळट का वाटतं?

याचं उत्तर मला 2005 मध्ये चार्ल्स जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत सापडलं, आणि मानसशास्त्रातल्या माझ्या सर्वांत आवडत्या निष्कर्षांपैकी तो एक आहे. माणसांबद्दलची आपली मतं प्रामुख्याने दोन मोजपट्ट्यांवर बनतात: हा किती आपुलकीचा आहे आणि हा किती कर्तबगार आहे. संशोधकांनी लोकांपुढे दोन काल्पनिक गट ठेवले. एका गटाच्या वागण्यातून कर्तबगारी जास्त दिसेल आणि दुसऱ्याच्या वागण्यातून कमी, अशी वर्णनं दिली. आपुलकीबाबत दोघांत फरक ठेवला नाही. तरीही लोकांनी कमी कर्तबगार गटाला जास्त प्रेमळ ठरवलं. उलट बाजूने, एका गटाला जास्त प्रेमळ दाखवलं, तर दुसरा गट जास्त कर्तबगार वाटू लागला. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जावं तसं. आणि मुख्य गोष्ट ही की एकाच गटाचं वर्णन दिलं, शेजारी तुलनेला कुणी ठेवलंच नाही, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला आणि थॉर्नडाइकवाला 'एक चांगलं की सगळं चांगलं' परत आला.

गणिताच्या भाषेत, एकट्या माणसाचं मूल्यमापन करताना आपुलकी आणि कर्तबगारी यांचा सहसंबंध धन असतो, म्हणजे एक जास्त वाटली की दुसरीही जास्त वाटते. दोघांची तुलना करताना दोघांमधल्या फरकांचा सहसंबंध ऋण होतो, म्हणजे एकीत जो पुढे तो दुसरीत मागे वाटतो. चिन्ह बदलतं ते मोजल्या जाणाऱ्या गुणांमुळे नाही, मांडणीमुळे. दोन गुण तेच, वाचक तोच, फक्त शेजारी एक माणूस आणून बसवला की निष्कर्ष उलटा.

आता कथेकडे बघा. अननुभवी पात्र एकटं कधी असतं? त्याच्या शेजारी अनुभवी मित्र असतो, रंगेल चुलतभाऊ असतो, चार प्रेमप्रकरणं पचवलेली मैत्रीण असते. कथेत लैंगिक अनुभव ही एक कर्तबगारी म्हणूनच मांडलेली असते: मित्राला जमतं, याला जमत नाही. तिथून दोन पायऱ्यांत काम होतं. एका बाबतीतली कर्तबगारी मित्राच्या सगळ्या बाबतींत पसरते, त्यामुळे तो पैशात, बोलण्यात, माणसं ओळखण्यातही तयार वाटतो. मग तुलनेचा तराजू हलतो. मित्राकडे हुशारी गेली, म्हणून याच्याकडे निर्मळ मन. निर्मळ मन याच्याकडे आलं, म्हणून याची हुशारी आणखी कमी. लेखकाने 'हा मूर्ख आहे' असं एकदाही लिहिलेलं नसतं.

निकोलस केर्विन, हिलरी बर्गसीकर आणि सुझन फिस्क यांनी 2012 मध्ये यातलाच एक बारकावा दाखवला. एखाद्याच्या कामाबद्दल मत हवं असताना समोरच्याने फक्त 'स्वभावाने फार चांगला आहे हो' इतकंच सांगितलं, तर ऐकणारा त्यातून 'कामात यथातथाच' असं काढतो. न बोललेली गोष्ट ऐकू येते. निरागसपणाचं कौतुक करणारे परिच्छेदही असेच काम करतात.

या मांडणीची खरी परीक्षा अशी की उलट्या प्रकारची पात्रंही तिच्यात बसायला हवीत. ती बसतात. शरीरसुखात अजिबात रस नसलेला गुप्तहेर किंवा प्रयोगशाळेत आयुष्य घालवणारा शास्त्रज्ञ कथेत मूर्ख नसतो, अतिबुद्धिमान असतो. पण तो तुसडा असतो आणि त्याच्या शेजारी एक प्रेमळ, साधा, थोडा मागे पडणारा सोबती बसवलेला असतो. पारडी फक्त बदललेली असतात. भयपटांतही असंच एक उदाहरण आहे. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं की खुनी एकेकाला संपवत जातो त्या प्रकारच्या चित्रपटांत शेवटी जिवंत उरणारी मुलगी बहुधा शरीरसंबंधांपासून दूर असते, आणि तीच सर्वांत सावध, निरीक्षक आणि युक्तिबाज असते. तिथे तुलना होते ती बेफिकीर मित्रमंडळींशी, आणि पणाला लागलेलं असतं जिवंत राहण्याचं कौशल्य. तेव्हा अनुभव नसण्याला असा ठरावीक अर्थ नाहीच. शेजारी कोण बसलंय आणि कोणती गोष्ट कर्तबगारी मानली आहे, यावर तो ठरतो. कथासृष्टीत अशा पात्राला दोनच खुर्च्या मिळतात, बावळटाची आणि विक्षिप्त प्रतिभावंताची. नोकरी करणारा, मित्र असणारा, बुद्धीने मध्यम आणि काही कारणाने अजून कुणाशी शरीरसंबंध न आलेला साधा माणूस तिथे जवळजवळ दिसत नाही. जपानच्या 2015 च्या राष्ट्रीय पाहणीत 18 ते 39 वयोगटातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना भिन्नलिंगी शरीरसंबंधांचा अनुभव नव्हता. इतक्या लोकांत बावळट आणि प्रतिभावंत अशा दोनच जाती असतील, हे शक्य तरी आहे का?

या गोष्टी कागदावरच राहत नाहीत. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 मध्ये दाखवलं की माणूस कथेत जितका बुडून जातो, तितका तिच्यातल्या खटकणाऱ्या जागा त्याच्या नजरेतून सुटतात आणि कथेशी जुळणारी मतं त्याच्यात वाढतात. अमांडा गेसलमन आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या संशोधनात लैंगिक अनुभव नसलेल्या प्रौढांना आपल्यावर कलंक असल्यासारखं वाटत होतं आणि जोडीदार म्हणून त्यांना पसंती कमी मिळत होती. त्यातली एक गोष्ट वाचून मला वाईट वाटलं. स्वतः अनुभव नसलेल्या लोकांनाही दुसरा अननुभवी माणूस आकर्षक वाटत नव्हता. हा शिक्का ज्यांच्यावर बसतो, त्यांच्याही मनात तो तसाच उमटलेला असतो.

कथाकारांची इथे एक सरळ गल्लत होते. अनुभव, माहिती आणि बुद्धी या तीन वेगळ्या गोष्टी त्यांनी एका पेटीत कोंबल्या आहेत. अनुभव असलेल्या कितीतरी लोकांना गर्भधारणा महिन्यातल्या कोणत्या दिवसांत होऊ शकते हे सांगता येत नाही, गुप्तरोग लक्षणांशिवाय पसरू शकतात हे माहीत नसतं. उलट माहितीसाठी अनुभव लागत नाही. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिकता शिक्षणाने मुलांचं ज्ञान वाढतं, पण त्यामुळे ती शरीरसंबंधांकडे लवकर वळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्ञान वाढलं आणि अनुभव होता तिथेच राहिला. अनुभव चेहऱ्यावर किंवा शरीरावर वाचता येतो, ही समजूतही अशीच बिनबुडाची. कौमार्य ही वैद्यकीय संज्ञाच नाही आणि कौमार्य चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांसोबत स्पष्ट सांगितलं आणि अशा चाचण्यांवर बंदीची मागणी केली.

मला एखाद्या कादंबरीत अशी प्रसूतितज्ज्ञ भेटायला हवी आहे, जिने शेकडो बाळंतपणं केली आहेत, जिला शरीराचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे, जिच्याकडे बायका नवऱ्यालाही न सांगितलेल्या अडचणी घेऊन येतात, आणि जिचा स्वतःचा कुणाशी शरीरसंबंध आलेला नाही. ती तुसडी नको, भाबडीही नको. आणि तिच्या शेजारी लेखकाने तुलनेसाठी कुणालाही बसवू नये.