आजोबांच्या घड्याळाचा पंचनामा

"आजोबांचं ओरिजिनल घड्याळ. सोन्याचं, सतरा ज्वेलचं, चालू कंडिशन. किंमत फोनवर." जुनं घड्याळ विकायच्या जाहिरातीत असं सर्रास लिहिलेलं असतं. घड्याळ आजोबांचं असेल, त्यात शंका नाही. बाकीचे दावे मात्र तपासल्याशिवाय लिहू नयेत. त्यासाठी फार काही लागत नाही: एक दहापट भिंग, अंधारी खोली, मोबाइल आणि मागचं झाकण ओरखडा न पाडता उघडून देणारा कारागीर.

आधी सोनं. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, पिवळी दिसली की लोक थेट सराफांची गुजरी गाठतात. तिथल्या कॅरेट मशीनचे क्ष-किरण धातूच्या वरच्या पातळ थरापुरतंच पाहतात, त्यामुळे जाड मुलामा त्याला चकवू शकतो. कसाच्या दगडावर घासलं तर मुलामाही जातो आणि किंमतही. त्यापेक्षा झाकणाच्या मागे किंवा पट्टा अडकवायच्या शिंगांच्या आतल्या बाजूला काय कोरलंय ते वाचा. भरीव सोन्यावर '18के' किंवा '750' असा शिक्का असतो. मुलाम्यावर '10 मायक्रॉन', '20 मायक्रॉन' असं लिहिलेलं सापडतं. 20 मायक्रॉन म्हणजे 0.02 मिलिमीटर. उद्यमनगरात लेथवरच्या टर्नरच्या हातात असलेल्या साध्या व्हर्नियरचं, म्हणजे मापपट्टीचं, सगळ्यात लहान माप तेवढंच असतं. हा थर बाहीला घासून कडांवर आधी उडतो आणि खालचं पितळ घामानं हिरवं पडतं. तसं दिसलं तर त्या जागेचा फोटो काढा, पॉलिश मारू नका. पॉलिशवाल्याचं चाक उरलेलं सोनं आणि केसच्या धारदार कडा एकदमच नेतं.

सतरा ज्वेलबद्दल घराघरात गैरसमज आहे. ज्वेल म्हणजे मशीनमधली माणकं. ती खरीच, पण कारखान्यात वाढवलेली. ऑग्युस्त व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1902 मध्ये ज्वाळेत कृत्रिम माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि घड्याळातलं माणिक स्वस्त झालं. काम एकच, चाकांच्या अणकुचीदार टोकांना झिजू न देणारा टेकू द्यायचा. ते काढून विकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडून द्यावा.

खरी गंमत डायलवर आहे. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना जुन्या काळी रेडियमचा रंग लावत. रेडियमचं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षं. पण त्याच्या किरणांनी चमकणाऱ्या झिंक सल्फाइडचीच वाट लागते. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आकडा आज तपकिरी, मेलेला दिसतो, किरणोत्सर्ग मात्र जवळपास तेवढाच शिल्लक असतो. असं घड्याळ हातात धरायला हरकत नाही, पण घरी उघडून रंग खरवडायचा नाही. त्याची धूळ श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाता कामा नये. 1960 च्या दशकापासून रेडियमच्या जागी ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला. सहाच्या आकड्याखाली 'टी स्विस टी' असं बारीक लिहिलेलं असतं ते याचसाठी. ट्रिटियमचं अर्धआयुष्य 12.3 वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत साधारण सोळावा हिस्सा उरतो. आता अंधाऱ्या खोलीत जा. 1965 चं म्हणून दाखवलेलं घड्याळ बॅटरीचा उजेड दिल्यावर तासभर हिरवंगार चमकत राहिलं, तर तो रंग 1990 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. डायल नाहीतर काटे बदललेत किंवा पुन्हा रंगवलेत. भिंगातून अक्षरंही पाहा: मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, हौशी रंगकामात शाई पसरते आणि मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत. आपल्याकडे जुन्या डायली 'नव्या' करून द्यायचा धंदा जोरात चालत आला आहे, त्यामुळे फार चकचकीत डायल दिसली की मला तरी आधी शंकाच येते.

डायलवरच्या नावावरून आतलं मशीन ठरत नाही. अनेक स्विस कंपन्या ए. शिल्डसारख्या कारखान्यांकडून तयार मशीन घेत. त्याचा क्रमांक बहुधा बॅलन्स चाकाखाली, म्हणजे सतत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाखाली, प्लेटवर बारीक कोरलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईनं ओढलेल्या तारखा किंवा खुणा दिसल्या तर त्या जुन्या दुरुस्त्यांच्या. एचएमटीचं असेल तर निदान एक गोष्ट पक्की: बंगळूरचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं 1961 मध्ये उभा राहिला. त्याआधीचं एचएमटी घड्याळ असूच शकत नाही, घरचे काहीही म्हणोत.

राहिलं 'चालू कंडिशन'. टिकटिक ऐकू आली म्हणजे चालू नव्हे. जुनी चावीची घड्याळं बहुतेक तासाला 18,000 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. ते मोजणारी अ‍ॅप्स मोबाइलवर मिळतात. सोपा उपाय म्हणजे पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून चोवीस तासांनी मोबाइलच्या वेळेशी ताडायचं. मग दुसऱ्या दिवशी उभं ठेवून तेच. दोन्ही फरक वर्णनात जसेच्या तसे लिहा. घड्याळ अचानक तासाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं असेल तर लगेच 'खराब' म्हणू नका. केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटले की असंच होतं, आणि मॅग्नेटिक स्टँड लावलेल्या लेथशेजारी वर्षानुवर्षं वापरलेल्या घड्याळाचं तर नवलच नाही. शेजारी साधं होकायंत्र धरा. सुई डुलली तर कारागिराच्या डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, काही सेकंदांचं काम आहे. ते करून घ्या, चाल पुन्हा मोजा आणि मगच किंमत लिहा.