ग्राहक खूश आहे की टिकणार आहे? सीसॅट आणि एनपीएस यांतला फरक

सीसॅट (कस्टमर सॅटिस्फॅक्शन स्कोअर, म्हणजे ग्राहक-समाधानाचा गुणांक) आणि एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजे ग्राहक शिफारस करेल का याचा गुणांक) या दोन्ही सर्वेक्षणांत ग्राहकाकडून गुणच मागितले जातात, त्यामुळे पुष्कळ व्यावसायिक एकाच्या जागी दुसरे सर्रास वापरतात. वास्तविक दोहोंचा रोख निराळा आहे. सीसॅटचा प्रश्न नुकत्याच झालेल्या व्यवहारापुरता असतो: आजची सेवा कशी वाटली? उत्तर बहुधा १ ते ५ गुणांत घेतात आणि ४ किंवा ५ देणाऱ्यांची टक्केवारी हा त्याचा निकाल असतो. एनपीएसचा प्रश्न कंपनीशी असलेल्या एकूण संबंधाचा असतो: ही कंपनी तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला सुचवण्याची शक्यता किती? व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेल्या या पद्धतीत ९ किंवा १० गुण देणारे प्रवर्तक, ७ किंवा ८ देणारे तटस्थ आणि ० ते ६ देणारे नाराज मानले जातात, प्रवर्तकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की उणे १०० ते अधिक १०० यांच्या दरम्यानचा स्कोअर हाती येतो.

समजा, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग करणारा तंत्रज्ञ ठरल्या वेळी आला, फिल्टर बदलून, ओटा पुसून गेला आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच ग्राहकाच्या फोनवर एनपीएसचा प्रश्न आला. ग्राहक १० गुण देतो, पण ते त्या तंत्रज्ञाच्या कामाला असतात. एएमसी (वार्षिक देखभाल करार) महाग वाटते म्हणून तोच ग्राहक पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो. या क्षणी सीसॅट विचारणेच योग्य होते. एनपीएससाठी काही महिने वापर झालेला ग्राहक निवडावा आणि एखाद्या भेटीचा किंवा तक्रारीचा ताजा परिणाम नसताना, वर्षातून एक-दोनदाच त्याला विचारावे.

समाधान म्हणजे निष्ठा नव्हे, हे झेरॉक्स कंपनीच्या अनुभवातून फार स्पष्टपणे पुढे आले होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, नुसत्या समाधानी ग्राहकांच्या तुलनेत पूर्ण समाधानी ग्राहकांनी पुढच्या १८ महिन्यांत झेरॉक्सचीच उत्पादने पुन्हा घेण्याची शक्यता सहापट होती. सीसॅटमध्ये ४ आणि ५ यांची बेरीज करून एकच टक्केवारी सांगितली की नेमका हाच फरक झाकला जातो. म्हणून सीसॅट वापरणाऱ्यांनी ५ देणाऱ्यांचा आकडा वेगळा मांडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. उलट, जिथे ग्राहकाला दुसरा पर्यायच नाही, उदाहरणार्थ वीज एकाच कंपनीकडून मिळते अशा गावात, तिथे शिफारशीचा प्रश्न निरर्थक ठरतो. तिथे तक्रार किती सहज सुटली हे विचारलेले अधिक उपयोगाचे.

एनपीएसचेही स्वतःचे दोष आहेत. शंभर जणांपैकी ४० प्रवर्तक, ४० तटस्थ व २० नाराज असले तरी स्कोअर २० येतो, आणि ६० प्रवर्तक व ४० नाराज असले तरी २०च येतो, पण दुसऱ्या व्यवसायावर दुप्पट लोक नाराज आहेत. स्कोअरसोबत तिन्ही गटांची टक्केवारी मागितल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये. शिवाय कर्मचाऱ्याचा इन्सेन्टिव्ह गुणांशी जोडला की ‘मॅडम, प्लीज दहा द्या’ ही विनवणी दारातच सुरू होते आणि मग तो आकडा ग्राहकाच्या भिडस्तपणाचा होतो. हा धोका सीसॅटलाही तितकाच आहे.

छोट्या व्यवसायाने तर एनपीएसच्या चढउतारावर फार विसंबू नये. चाळीसच उत्तरे आली असतील, तर एका ग्राहकाने ९ ऐवजी ६ दिल्याने प्रवर्तक अडीच टक्क्यांनी घटतात, नाराज तितकेच वाढतात आणि स्कोअर ५ अंकांनी खाली येतो. अशा वेळी गुणांखाली ‘असे का वाटले?’ हा एकच मोकळा प्रश्न ठेवून चाळीसही उत्तरे मालकाने स्वतः वाचलेली बरी.