शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य: बिटकॉइन पत्त्यांचे प्रकार आणि डेरिव्हेशन पाथ

(हार्डवेअर वॉलेट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुने यंत्र बिघडले म्हणून नवे घेतले, कागदावरचे २४ शब्द नीट भरले, यंत्राने ते मान्यही केले, आणि अ‍ॅप शिल्लक दाखवते शून्य. अशा वेळी पहिली शंका चोरीची येते. बहुतेक वेळा चोरी झालेली नसते. बिटकॉइन जिथे होते तिथेच असतात, अ‍ॅप भलतीकडे पाहत असते. ते कुठे पाहते हे पत्त्याचा प्रकार आणि डेरिव्हेशन पाथ या दोन गोष्टींवर ठरते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी शब्दांच्या कागदावर कुणी लिहीत नाही.

एक खुलासा आधीच: पडद्यावर पत्ते, पाथ आणि बटणांची नावे रोमन लिपीत असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. भरताना अर्थातच रोमन वापरा.

शब्दांपासून पत्त्यापर्यंत

१२ किंवा २४ शब्दांपासून (आणि पासफ्रेज, म्हणजे शब्दांखेरीज स्वतः ठरवलेला जास्तीचा गुप्त मजकूर, ठेवला असेल तर त्यासह) एक मास्टर की तयार होते. तिला पुढे फांद्या फुटतात, फांद्यांना पोटफांद्या, आणि टोकाला एकेक पत्ता. हे फांद्यांचे गणित बिप-३२ या २०१२ च्या बिटकॉइन सुधारणा प्रस्तावातले, शब्दांची पद्धत २०१३ च्या बिप-३९ मधली आणि पाथची मांडणी २०१४ च्या बिप-४४ मधली. प्रत्येक पायरीवर २१४ कोटींहून जास्त साध्या फांद्या निघू शकतात, आणि तितक्याच 'हार्डन्ड', म्हणजे वेगळ्या, अधिक बंदिस्त पद्धतीने काढलेल्या. एवढ्या सगळ्या तपासणे कुठल्याच अ‍ॅपला शक्य नाही. ते ठरलेल्या दोन-चार फांद्या पाहते आणि तिथे काही नसेल तर शून्य दाखवते.

पाथ म्हणजे त्या फांदीपर्यंतचा रस्ता. उदाहरणार्थ:

एम/८४'/०'/०'/०/५

'एम' म्हणजे मास्टर की. ८४ हा पत्त्याचा प्रकार सांगतो. पुढचे ० म्हणजे बिटकॉइन (१ असेल तर टेस्टनेट, म्हणजे चाचणीचे जाळे, ६० असेल तर इथेरियम). तिसरा आकडा खात्याचा. मोजणी शून्यापासून असल्याने तुमचे दुसरे खाते इथे १' असे दिसेल. चौथ्या जागी ० असेल तर पैसे घेण्याचा पत्ता, १ असेल तर चेंजचा, म्हणजे खर्चून उरलेली रक्कम जिथे परत येते तो. शेवटचा आकडा पत्त्याचा क्रमांक, म्हणजे वरचा पत्ता सहावा.

आकड्यापुढच्या ' या चिन्हाला शोभेचे समजू नका. त्याचा अर्थ ती पायरी हार्डन्ड आहे. 'एम/८४/०/०' आणि 'एम/८४'/०'/०'' या पूर्णपणे वेगळ्या फांद्या आहेत. चिन्ह गळले तर अ‍ॅप चूक दाखवतेच असे नाही, निमूटपणे दुसरे, रिकामे पत्ते दाखवू शकते. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून पाथ चिकटवला की हे चिन्ह कधी कधी वळणदार अवतरणचिन्ह होऊन येते आणि अ‍ॅप पाथच नाकारते. हाताने टाइप करा. अनेक अ‍ॅप ' ऐवजी 'एच' हे अक्षरही घेतात.

चार प्रकार

पत्त्याच्या सुरुवातीवरून प्रकार ओळखता येतो.

१ ने सुरू होणारा तो लेगसी, पाथ ४४'. सर्वांत जुना, आणि पाठवताना सर्वांत महाग.

३ ने सुरू होणारा बहुधा नेस्टेड सेगविट, पाथ ४९'. सेगविट (व्यवहाराचे शुल्कापुरते आकारमान कमी करणारी बिटकॉइनमधली सुधारणा) ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाले तेव्हा जुन्या अ‍ॅपनाही चालावा म्हणून काढलेला मधला मार्ग. २०१७-१८ च्या सुमारास यंत्र घेतले असेल तर तुमचे बिटकॉइन इथे असण्याची शक्यता मोठी आहे. 'बहुधा' अशासाठी म्हटले, की मल्टिसिगचा (खर्चाला एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या वॉलेटचा) पत्ताही ३ ने सुरू होऊ शकतो, आणि त्यातून खर्च होईपर्यंत आत काय आहे हे बाहेरून कळत नाही.

'बीसी१क्यू' ने सुरू होणारा, ४२ अक्षरांचा तो नेटिव्ह सेगविट, पाथ ८४'.

'बीसी१पी' ने सुरू होणारा, ६२ अक्षरांचा तो टॅपरूट, पाथ ८६'. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाला.

प्रकार वेगवेगळे असले तरी एकमेकांना पैसे पाठवता येतात. लेगसीतून नेटिव्ह सेगविटला, तिथून टॅपरूटला, सगळे चालते. एखादी जुनी सेवा 'बीसी१पी' पत्ता घेत नाही. टॅपरूटच्या पत्त्यात चूक पकडण्याची पद्धत थोडी बदलली आहे आणि त्या सेवेचे सॉफ्टवेअर ती ओळखत नाही, एवढेच त्यामागचे कारण. अशा वेळी पैसे अडकत नाहीत, पत्ताच नाकारला जातो. तिला 'बीसी१क्यू' पत्ता द्या.

फरक पडतो तो शुल्कात. एक इनपुट (पूर्वी मिळालेली, आता खर्च होणारी रक्कम) आणि त्याच प्रकारचे दोन आउटपुट (रक्कम जिथे जाते ते पत्ते) असलेला साधा व्यवहार लेगसीत २२६ व्हर्च्युअल बाइटचा (शुल्क ज्यावर आकारतात ते आकारमान) होतो, नेस्टेडमध्ये सुमारे १६६, नेटिव्ह सेगविटमध्ये १४१ आणि टॅपरूटमध्ये १५४. बाइटमागे २० सातोशी (बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) दर धरला तर अनुक्रमे ४,५२०, ३,३२०, २,८२० आणि ३,०८० सातोशी. टॅपरूट सर्वांत नवा म्हणून सर्वांत स्वस्त, हा समज इथे खोटा ठरतो. त्याचा आउटपुट मोठा असतो (३१ ऐवजी ४३ बाइट) पण इनपुट लहान (६८ ऐवजी ५७.५). म्हणून थोडे थोडे अनेकदा जमा करून एकदम पाठवणाऱ्याला टॅपरूट परवडतो: दहा इनपुट असतील तर सुमारे ६७२ बाइट, नेटिव्ह सेगविटला ७५३. नव्या ग्राहकाला आम्ही ८४' सुचवतो. जवळजवळ प्रत्येक यंत्र आणि अ‍ॅप तो पाथ ओळखते, आणि अडचणीच्या वेळी बाइटभर बचतीपेक्षा तेच उपयोगी पडते.

जुन्या पत्त्यांवरचे बिटकॉइन घाईने हलवू नका. लेगसी पत्ते बाद झालेले नाहीत. हलवायचेच असेल तर शुल्क उतरलेले असताना हलवा, आणि फुटकळ रकमा आधी तपासा: लेगसीचा एक इनपुट १४८ बाइटचा, म्हणजे बाइटमागे १० सातोशी दराने १,००० सातोशी हलवायला १,४८० लागतात. शिवाय वेगवेगळ्या पत्त्यांवरच्या रकमा एका व्यवहारात गोळा केल्या की त्या एकाच मालकाच्या आहेत हे पाहणाऱ्या कुणालाही समजते.

शून्य का दिसते

सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे प्रकार चुकणे. जुने खाते ४९' चे, नवे अ‍ॅप आपणहून ८४' उघडते. ट्रेझर सूटमध्ये नवे खाते जोडताना प्रकार निवडता येतो. लेजरच्या अ‍ॅपमध्ये खाते जोडताना सगळे प्रकार दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो.

दुसरे, खात्याचा क्रमांक. नियम असा, की रिकामे खाते भेटले की शोध थांबतो. पहिल्या खात्यात कधीच व्यवहार केला नाही आणि सगळे दुसऱ्यात ठेवले, तर अ‍ॅप दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. तिथे क्रमांक हाताने द्यावा लागतो.

तिसरे, गॅप लिमिट. सलग २० न वापरलेले पत्ते दिसले की बहुतेक अ‍ॅप पुढे पाहत नाहीत. समजा, पाच पत्ते वापरलेले आहेत, नंतर गिऱ्हाइकांना देण्यासाठी पंचवीसेक काढले, आणि पैसे आले ते फक्त शेवटच्यावर. नवे अ‍ॅप त्याच्या आधीच थांबेल. स्पॅरो या संगणकावरच्या वॉलेटमध्ये सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात ही मर्यादा वाढवता येते. १०० करून पाहा.

चौथे कारण पासफ्रेज, आणि खरी हानी होते ती इथे. पासफ्रेज चुकला तरी यंत्र 'चूक' म्हणत नाही, कारण प्रत्येक पासफ्रेजचे स्वतःचे वेगळे, वैध वॉलेट असते. लहान-मोठे अक्षर किंवा शेवटी पडलेली एक मोकळी जागासुद्धा दुसरे वॉलेट उघडते. मराठी शब्द रोमनमध्ये लिहून पासफ्रेज ठेवणाऱ्यांनी जास्त सांभाळावे. 'श्री' चे स्पेलिंग तीन तऱ्हांनी होते, 'वहिनी' ला सुरुवातीला 'व्ही' की 'डब्ल्यू' हे वर्षभराने आठवत नाही. अक्षर न् अक्षर लिहून ठेवा, आणि शब्दांच्या कागदापासून दूर ठेवा.

पाचवे, शब्द वेगळ्या पद्धतीचे असणे. इलेक्ट्रम या वॉलेट-सॉफ्टवेअरने बनवलेले १२ शब्द दिसायला तसेच इंग्रजी असले तरी बिप-३९ चे नसतात. यंत्र ते सहसा अवैध ठरवते. ट्रेझरच्या नव्या यंत्रांचा २० शब्दांचा बॅकअपही वेगळ्या पद्धतीचा आहे, तो लेजरमध्ये भरता येत नाही.

शेवटचे कारण क्वचित आढळते, पण भल्याभल्यांना चकवते. खात्याची एक्सपब (जिच्यावरून खात्यातले सगळे पत्ते काढता येतात, पण पैसे नाही, अशी की) फक्त पाहण्यासाठी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकतात. ४९' च्या खात्याला वायपब आणि ८४' ला झेडपब अशी वेगळी रूपे आहेत, ती प्रकार सांगतात. पण ८४' च्या खात्याची साधी एक्सपब टाकली तर काही अ‍ॅप तिला लेगसी समजून १ ने सुरू होणारे पत्ते दाखवतात. त्यावर पैसे घेतले तर ते 'पाथ ८४', प्रकार लेगसी' अशा बेमेळ जोडीवर जाऊन बसतात. ते परत मिळतात: इलेक्ट्रममध्ये प्रकार लेगसी निवडून पाथ हाताने एम/८४'/०'/०' द्यायचा. सही करताना लेजर पाथ नेहमीचा नसल्याचा इशारा देते, आणि ट्रेझर सुरक्षा-तपासणी सैल केल्याशिवाय सही करत नाही. काम झाल्यावर ती पुन्हा पूर्ववत करा.

शोधायचे कसे

शब्द संगणकावर किंवा मोबाइलवर टाइप करू नका, कुठल्याही 'रिकव्हरी' संकेतस्थळावर तर नाहीच. शब्द यंत्रात, आणि यंत्र संगणकाला, एवढ्यावर सगळा शोध घेता येतो.

१. यंत्र जोडा, स्पॅरो उघडा, नवे वॉलेट बनवा. (लेजर असेल तर यंत्रावर बिटकॉइनचे अ‍ॅप उघडे हवे.)
२. मास्टर फिंगरप्रिंट (मास्टर कीची छोटी ओळखखूण) पाहा: शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली आठ चिन्हे. जुन्या नोंदीतला वेगळा असेल तर शब्द किंवा पासफ्रेज वेगळा आहे, आणि पाथ शोधण्यात वेळ घालवू नका.
३. स्क्रिप्ट टाइप (पत्त्याचा प्रकार) नेटिव्ह सेगविट ठेवून की यंत्रातून घ्या. व्यवहार दिसले नाहीत तर नेस्टेड, लेगसी, टॅपरूट या क्रमाने पुन्हा करा.
४. तरीही काही नाही, तर खाते क्रमांक १' आणि २' करून पाहा, मग गॅप लिमिट वाढवा.



पूर्वी पैसे घेतलेला एखादा जुना पत्ता इमेलमध्ये किंवा एक्स्चेंजच्या नोंदीत सापडला तर अर्धे काम तिथेच होते. त्याच्या पहिल्या अक्षरांवरून प्रकार कळतो. मात्र तो ब्लॉक एक्सप्लोररवर (कुठल्याही पत्त्याचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) रिकामा दिसला म्हणून घाबरू नका. त्यातून तुम्ही काही खर्च केले असेल तर उरलेली रक्कम चेंजच्या पत्त्यावर, म्हणजे चौथ्या जागी १ असलेल्या फांदीवर गेलेली असते.

हे सगळे आधी कोऱ्या यंत्रावर करून पाहायचे असेल तर चाचणीसाठी सर्वांना ठाऊक असलेले शब्द वापरा: 'अबँडन' अकरा वेळा आणि बारावा 'अबाउट', पासफ्रेज नाही. फिंगरप्रिंट ७३सी५डीए०ए आला पाहिजे. ८४' चा पहिला पत्ता 'बीसी१क्यूसीआर८' असा सुरू होतो, ४९' चा '३७व्ही', ४४' चा '१एल' आणि ८६' चा 'बीसी१पी५सी'. या पत्त्यांवर खरे पैसे पाठवू नका. शब्द साऱ्या जगाला माहीत आहेत. सराव झाला की यंत्र पुसून आपले स्वतःचे शब्द तयार करा.

काय लिहून ठेवायचे

शब्दांच्या कागदापासून वेगळ्या कागदावर: यंत्राचे मॉडेल, वापरलेले अ‍ॅप, पत्त्याचा प्रकार, प्रत्येक खात्याचा पूर्ण पाथ, मास्टर फिंगरप्रिंट, पहिला पत्ता, आणि पासफ्रेज आहे की नाही एवढेच (पासफ्रेज नव्हे). या कागदाने कुणी पैसे काढू शकत नाही, त्यामुळे तो घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये चालेल. एक्सपब मात्र त्यावर नको. तिच्यावरून पैसे काढता येत नसले तरी त्या खात्यातले सगळे पत्ते आणि पूर्ण शिल्लक पाहता येते.

मोठी रक्कम जमा करण्याआधी एकदा यंत्र पुसा, कागदावरून शब्द पुन्हा भरा आणि पहिला पत्ता जुळतो का पाहा. लेजरमध्ये तीनदा चुकीचा पिन दिला की यंत्र पुसले जाते. ट्रेझरमध्ये सेटिंग्जमधून पुसता येते.

मल्टिसिग वापरणाऱ्यांना हा कागद पुरत नाही. तिथे पाथ बहुधा एम/४८'/०'/०'/२' असतो, आणि 'तीनपैकी दोन' अशा वॉलेटसाठी दोन यंत्रांचे शब्द असले तरी तिसऱ्याची एक्सपब नसेल तर पत्तेच बनत नाहीत. तिथे संपूर्ण डिस्क्रिप्टर (सगळ्या एक्सपब, पाथ आणि प्रकार यांची एकत्र नोंद) स्पॅरोमधून काढून प्रत्येक शब्दसंचाजवळ त्याची एक प्रत ठेवावी.

मदतीसाठी फोन कराल तेव्हा फिंगरप्रिंट, पाथ आणि एखादा जुना पत्ता जवळ ठेवा. शब्द, पिन किंवा पासफ्रेज आम्ही विचारत नाही. आमच्या नावाने कुणी विचारला तर फोन ठेवून द्या.