उत्पत्तीचे पहिले अध्याय आणि तारणाची कथा

उत्पत्ति हे बायबलचं पहिलं पुस्तक. त्याच्या पहिल्या ११ अध्यायांत सृष्टीची निर्मिती, आदाम-हव्वा, काइन-हाबेल, नोहाचा जलप्रलय आणि बाबेलचा बुरूज एवढं सगळं येतं. संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, या सुट्ट्या सुट्ट्या गोष्टी म्हणून शिकवतात, पण ख्रिस्ती परंपरा त्यांना तारणाच्या, म्हणजे माणसाच्या पापातून सुटकेच्या, एकाच मोठ्या कथेची सुरुवात मानते, कारण माणसाचं बिघडलं कुठे आणि ते सावरायला कोण पुढे आलं, हे दोन्ही इथेच कळतं.

पहिल्या दोन अध्यायांत सगळं चांगलं आहे, माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे. खरा कस लागतो तो तिसऱ्या अध्यायात. मनाई केलेलं फळ खाल्ल्यावर दोघं झाडांमागे लपतात आणि शोधायला देवच येतो, "तू कोठे आहेस?" असं विचारत. मग आदाम बायकोकडे बोट दाखवतो, ती सापाकडे, आणि निवाडा सुरू होतो तो सापापासून. हा क्रम नीट बघण्यासारखा आहे. स्त्रीला वेदना आणि पुरुषाला घाम सांगायच्या आधीच, ३:१५ मध्ये (तिसरा अध्याय, पंधरावं वचन), देव सापाला सांगतो की तुझ्यात आणि स्त्रीत, तुझ्या संततीत आणि तिच्या संततीत मी वैर ठेवीन, तुझं डोकं फुटेल आणि तिच्या संततीच्या टाचेला जखम होईल. म्हणजे आशेचा पहिला शब्द शापाच्या आतच आलाय, तोही माणसाने माफी मागायच्या आत! आणि शाप हा शब्द साप आणि जमीन यांच्यासाठीच आहे, आदाम-हव्वेला शिक्षा मिळते पण 'तुम्ही शापित' असं देव त्यांना म्हणत नाही. उलट बागेबाहेर काढण्यापूर्वी त्यांनी शिवलेल्या अंजिराच्या पानांऐवजी तो स्वतः चामड्याची वस्त्रं करून त्यांना घालतो.

या ३:१५ ला ख्रिस्ती ईशज्ञानात आद्य सुवार्ता, म्हणजे तारणाची पहिली शुभवार्ता, म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या बिशप इरेनियसने सापाचं डोकं चिरडणारा तो वंशज म्हणजे ख्रिस्त असा अर्थ लावला, टाचेची जखम म्हणजे क्रूस असं पुढे सर्रास सांगितलं जाऊ लागलं, आणि प्रेषित पौलाने तर त्याआधीच नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर उभे केले होते. यहुदी परंपरेत मात्र आदिपापाचा, म्हणजे आदामाचं पाप सगळ्या माणसांत उतरल्याचा, ख्रिस्ती सिद्धांत नाही, तरी काही तार्गुमांमध्ये (हिब्रू शास्त्राच्या अरामी भाषांतरांत) हेच वचन मसीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्या राजाच्या, काळाशी जोडलंय. आजचे बरेच अभ्यासक इथे माणूस आणि सापाच्या वैराचं कारण सांगणारी प्राचीन कथा बघतात. तो अर्थही मजकुरात बसतो, पण मला वाटतं पुढचे अध्याय सोबत वाचले की तेवढ्यावर थांबता येत नाही.

कारण पुढे पाप वाढतच जातं आणि देवाची दयाही सोबत चालत राहते. भावाचा खून करणाऱ्या काइनालाही कोणी मारू नये म्हणून देव खूण देतो, जलप्रलयानंतर इंद्रधनुष्याचा करार होतो. बाबेलला भाषा फुटतात, माणसं पांगतात, आणि तिथे मात्र दिलाशाचं काहीच येत नाही. ते येतं १२व्या अध्यायात, अब्रामाला (पुढे याचंच नाव अब्राहाम) बोलावून देव म्हणतो की पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील. आणि हे कोणाला, तर ज्याची बायको साराय वांझ आहे त्याला. म्हणजे वचन संततीचं आणि घरात पाळणा नाही. गलतीकरांस पत्रात पौल याच वचनाला अब्राहामाला आधीच सांगितलेली सुवार्ता म्हणतो.

ही जोडणी उपासनेतही जपलीय. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणविधीत पहिलं वाचन उत्पत्तीच्या सृष्टिकथेचं असतं, पुनरुत्थानाचं शुभवर्तमान त्यानंतर वाचतात. मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त तेच केलं, त्याच्या दोन भागांपैकी येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात आणि त्याआधीचं अख्खं पहिलं पुराण सृष्टी, आदामाचं पतन आणि तारणाऱ्याची वाट बघणं यासाठी दिलं, तेही ओवीत.